निखळलेला खांदा बसला, पण दुखणे राहिले

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. त्या गर्दीत एक तरी रुग्ण असा असतो, की आधी ताप-खोकल्याची तक्रार सांगतो आणि चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक. वर्षापूर्वी खांदा निखळला होता. त्याच दिवशी बसवला. पण दुखायचं काही थांबत नाही." बोलण्याचा सूर असा असतो, की जणू हे विचारणेच चूक आहे. खांदा बसला, एक्स-रे चांगला आला, आता उगाच काय कुरकुर करायची, असे घरच्यांनी त्याला ऐकवलेले असते. कधी कधी डॉक्टरांनीही.

मीही एकदा असेच ऐकवले होते. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्या गावात कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देणाऱ्या एक मावशी आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. पावसाळ्यात ओल्या मोरीत पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला आणि खांदा निखळला. रुग्णालयात त्याच संध्याकाळी भूल देऊन बसवला. हात झोळीत बांधून मावशी घरी आल्या. सहा आठवड्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, हात वर नेला तर जातोय, पण तिथं थांबत नाही. आपोआप खाली पडतो. आणि रात्री ठणकतो." मी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला. हाड जागेवर होते. "वय झालं मावशी, वेळ लागणारच," असे म्हणून गोळ्या दिल्या. पुढचे दहा महिने त्या येत राहिल्या आणि मी गोळ्या बदलत राहिलो. शेवटी त्यांच्या मुलाने जिल्ह्याच्या गावी नेऊन एम.आर.आय. केला. खांद्याच्या वरच्या बाजूची मुख्य कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, पूर्ण तुटून आत ओढली गेली होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी मला फोनवर सौम्य शब्दांत सांगितले, की हे सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत कळले असते तर शिवणे सोपे होते.

मावशींनी पहिल्याच दिवशी रोगाचे निदान स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. 'वर जातो, पण थांबत नाही.' ऐकणारा मी होतो.

खांदा इतका नाजूक का, हे आधी पाहू. शाळेत आपण त्याला 'उखळीचा सांधा' म्हणून शिकतो. खुब्याच्या सांध्याला ते नाव शोभते. तिथे मांडीच्या हाडाचा गोल खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याला मात्र उखळ नाही, बशी आहे, आणि त्या बशीवर मोठे लिंबू टेकवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल टेकलेला असतो. एका वेळी गोलाचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग बशीला लागतो. त्यामुळे हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, चारी बाजूंना फिरतो. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही सांध्याला एवढे स्वातंत्र्य नाही. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे तो निखळण्याची भीती. गोलाला जागेवर धरून ठेवणारी मंडळी तीन: बशीभोवतीची कूर्चेची कड, सांध्याभोवतीची पिशवी आणि चार स्नायूंच्या कंडरा. खांदा निखळतो तेव्हा १०० पैकी सुमारे ९५ वेळा गोल पुढच्या बाजूला उडी मारतो आणि जाताना या तिघांपैकी कुणाला तरी फाडून जातो. बसवणारा हाड जागेवर आणतो. फाटलेले शिवत नाही. साध्या एक्स-रेत हाड दिसते. कड, पिशवी आणि कंडरा दिसत नाहीत. 'एक्स-रे चांगला आहे' या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

महिने किंवा वर्षे उलटल्यावरही दुखत असेल, तर ते नेमके कशाने, हे शोधल्याशिवाय उपचार करणे व्यर्थ आहे. कारण एकाला जो व्यायाम अमृत, तोच दुसऱ्याला विष ठरतो. सुदैवाने हा शोध महागड्या यंत्राआधी दवाखान्यातल्या स्टुलावर बसूनच सुरू होतो. मी रुग्णाला हात स्वतः वर उचलायला सांगतो. मग तो सैल सोडायला सांगून मी उचलून पाहतो. तुम्हीही घरातल्या माणसाच्या मदतीने हे हलकेच करून पाहू शकता. मात्र ज्याचा खांदा वारंवार निखळतो, त्याने घरी हा प्रयोग करू नये.

रुग्णालाही हात उचलत नाही आणि दुसऱ्यानेही उचलला जात नाही, मध्येच दार अडकावे तसा अडतो, तर खांदा आखडलेला आहे. दुसऱ्याने उचलला तर सहज वर जातो, पण सोडला की पडतो किंवा थरथरतो, तर कंडरा तुटल्याची किंवा मज्जातंतूला मार लागल्याची शंका घ्यावी. आणि हात सगळीकडे जातो, पण चेंडू फेकताना नेतो तसा मागे नेला की रुग्णाचा चेहरा बदलतो, 'नको, निसटेल' म्हणतो, तर खांदा सैल राहिला आहे.

आखडलेल्या खांद्याचे आमच्याकडचे उदाहरण म्हणजे एक निवृत्त गुरुजी. मधुमेह जुना. सायकलवरून पडून खांदा निखळला, बसवला. झोळी थोडे दिवस वापरायची होती. गुरुजींनी भीतीपोटी दोन महिने हात छातीशी बांधून ठेवला. घरच्यांनीही 'आराम करा' म्हणून उत्तेजन दिले. आपल्याकडे आराम हे सर्व रोगांवरचे औषध मानतात, पण खांद्याला ते मानवत नाही. सांध्याची पिशवी आक्रसते, जाड होते. मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक प्रमाणात होते आणि अधिक काळ टिकते. तरुणांना साधारण तीन आठवडे आणि उतारवयात आठवडाभराने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हात हळूहळू मोकळा करतात तो याचसाठी.

गुरुजींना मी तीन गोष्टी सांगितल्या. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक (मधुमेह्यांनी आधी दुसऱ्या हाताने उष्णता तपासावी, चटका कळत नाही). शेकल्यावर टेबलाला चांगला हात टेकून कमरेत वाकायचे आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबू द्यायचा. अंग हलवून त्याला छोटी वर्तुळे घेऊ द्यायची, दोन्ही दिशांना दहा-दहा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जायचे, जिथे ताण येतो तिथे दहा अंक मोजायचे, उतरायचे. उताणे झोपून, कोपर कुशीला चिकटवून, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलणे, हा व्यायाम दोन आठवड्यांनी वाढवला. गुरुजींचा शिक्षकी स्वभाव कामी आला. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने रोजची खूण करून तारीख घातली. बाईंनी रंगाची भिंत खराब केली म्हणून बरेच दिवस अबोला धरला. पहिल्या महिन्यात खुणा एकमेकींवर चढलेल्या. दुसऱ्या महिन्यात चार बोटे वर. पाच महिन्यांनी खूण वरच्या फळीच्या पातळीला लागली. एवढा वेळ लागतो, हे आधीच सांगावे लागते, नाहीतर रुग्ण तिसऱ्या आठवड्यात मालीशवाल्याकडे जातो. फारच ठणका असेल तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने व्यायाम करण्याइतका आराम पडतो. पण मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, ती तपासत राहावी.

सैल खांद्याचा रुग्ण याच्या अगदी उलट. आमच्या तालमीतला एक कबड्डीपटू. सतराव्या वर्षी पकडीत खांदा निखळला, मित्रांनी मैदानातच ओढून बसवला. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा निम्म्याहून अधिक मुलांत पुन्हा निखळतो. याचा नऊ वेळा निखळला, शेवटच्या वेळी अंगातला बनियन काढताना. दोन खेपांच्या मधल्या काळातही खोलवर दुखायचे. तो कुणाच्या तरी सांगण्यावरून हात मागे ताणण्याचे व्यायाम करत होता, म्हणजे सैल दोरी आणखी ताणत होता! अशा खांद्याला ताण नव्हे, बळ हवे. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधावी, कोपर कमरेला चिकटवून मध्ये टॉवेलची घडी धरावी आणि ट्यूब आधी पोटाकडे, मग फिरून उभे राहून बाहेरच्या बाजूला सावकाश ओढावी. पाठीचे फरे मागे खेचून धरण्याचा व्यायामही तितकाच महत्त्वाचा. तरीही वारंवार निखळत असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. हिपॉक्रॅटिसच्या काळी अशा खांद्याला काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग देत, कातडी आणि आतले आक्रसून खांदा घट्ट व्हावा म्हणून. बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदाने १९२३ साली दाखवून दिले, की मूळ दोष फाटलेल्या कडेत आहे. ती कड आता दुर्बिणीतून पुन्हा शिवता येते. बशीचे हाडच झिजले असेल तर जवळचा हाडाचा तुकडा तिथे बसवतात. प्रत्येक खेपेला बशी आणि गोल थोडे थोडे खरवडले जातात, म्हणून 'मला माझा बसवता येतो' या फुशारकीला काही अर्थ नाही. त्या मुलाने शस्त्रक्रिया करून घेतली. खेळायला पुन्हा उतरायचे की नाही, यावर त्याचे आणि वडिलांचे अजून जमलेले नाही.

मज्जातंतूविषयी थोडक्यात. पोलिसांच्या बाहीवर जिथे बिल्ला असतो, त्या जागी कातडी बधिर असेल आणि खांद्याचा गोलवा सुकत चालला असेल, तर निखळताना काखेतल्या मज्जातंतूला हिसका बसलेला असतो. बहुतेकांचा तो काही महिन्यांत पूर्ववत होतो. पण तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर तपासणी हवी.

एक प्रकार क्वचित आढळतो, पण हमखास निसटतो. फेफरे आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ बरोबर दिसतो. रुग्णाला 'मुका मार' म्हणून परत पाठवतात. अशा माणसाला हात पुढे करून तीर्थ घ्यायला सांगावे. तळहात पूर्ण उताणा होत नाही आणि कोपर कुशीला ठेवून हात बाहेर वळत नाही. अशा वेळी बाजूने दुसरा एक्स-रे काढलाच पाहिजे. आणि खांदा निखळून कित्येक आठवडे झाले असतील, तो बसवलाच गेला नसेल, तर कोणाकडूनही जोर लावून ओढून घेऊ नये. हाड मोडते, काखेतली मोठी रक्तवाहिनी फाटते. हाडवैद्यांच्या हाताला गुण असतो हे मी नाकारत नाही, पण या एका बाबतीत हात जोडून विनंती आहे.

आता वयाची गोष्ट. तरुणपणी खांदा पुन्हा निखळण्याची भीती असते. चाळिशीनंतर ती बरीच कमी होते, आणि तिची जागा कंडरा तुटण्याची भीती घेते. म्हणून माझा आता नियम झाला आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाचा खांदा निखळला आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही त्याला हात बाजूने वर उचलता येत नसेल, तर थांबायचे नाही, सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करायचा. सोनोग्राफी स्वस्त पडते, पण खांदा पाहण्याचा सराव असलेल्या डॉक्टरांकडूनच करावी. वर्ष उलटून गेले असेल तरीही तपासणी व्यर्थ नाही. काही वेळा शिवता येते. येत नसेल तर उरलेल्या स्नायूंना नवे काम शिकवता येते.

कारण कोणतेही असो, रोजचे दिवस आणि विशेषतः रात्री काढायच्या असतात. रुग्णांची मोठी तक्रार रात्रीची असते. दुखऱ्या कुशीवर झोपू नये. उताणे झोपताना कोपराखाली गोधडीची घडी ठेवावी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. दुसऱ्या कुशीवर झोपायचे तर पोटाशी उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवावा. एवढ्यानेच कितीतरी जणांची झोप सुधारलेली मी पाहिली आहे. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पाण्याची बादली, पिशवी अंगाजवळ धरावी. रोज लागणारे डबे खांद्याच्या खालच्या फळीवर आणावेत. एसटीत उभे राहायची वेळ आली तर वरच्या दांडीऐवजी सीटचा दांडा धरावा. ब्रेक लागला की वर धरलेल्या हाताला बसणारा हिसका वाईट. हाताला पूर्ण सुट्टी मात्र देऊ नये. जेवण, वेणीफणी, घड्या घालणे, भाकरी थापणे ही कमरेच्या आणि छातीच्या पातळीवरची कामे करत राहावीत.

व्यायामात दुखले म्हणजे काहीतरी फाटतेच आहे असे नव्हे. जुन्या दुखण्यात नसा हुळहुळ्या होतात, साध्या ताणालाही ओरडतात. व्यायामानंतरची वेदना तासाभरात ओसरत असेल आणि रात्रीची झोप मोडत नसेल तर चालू ठेवावे. रात्र खराब जात असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे, बंद करू नये. तेल लावून हलके चोळायला हरकत नाही. हिसके देणारे मालीश नको.

गोळ्यांबद्दल मला थोडे कडक बोलावे लागते. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाणारे रुग्ण माझ्याकडे येतात. खांदा तसाच, आणि पोटात व्रण, रक्तदाब वाढलेला, काहींची मूत्रपिंडे खराब. ठणका असेल तेव्हा थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून, एवढेच त्यांचे स्थान. त्या मानाने पॅरासिटामॉल सौम्य. पण तीही ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांहून अधिक दिवसात नको, आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी किंवा नियमित दारू घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

जुने दुखणे असले की नवे दुखणे त्याच्या पदराआड लपते, हेही ध्यानात ठेवावे. निखळलेला खांदा डावा होता, म्हणून डाव्या खांद्यातली प्रत्येक कळ त्याच्याच नावावर टाकू नका. चालताना, जिना चढताना कळ येते, घाम फुटतो, जीव घाबरतो, तर ते हृदयाचे असू शकते. तडक रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांना छातीत दुखल्याशिवायही हृदयविकाराचा झटका येतो. कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्यांसह जात असेल तर मान तपासावी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, खांदा सुकत जाणे असे असेल तर सांध्याचा क्षय नाही ना, याची खात्री करावी लागते. आपल्याकडे तो आजार अजून संपलेला नाही.

मावशींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला. डबे बंद ठेवणे परवडणारे नव्हते. व्यायामोपचार तज्ज्ञांनी त्यांना उताणे झोपून, चांगल्या हाताने दुखरा हात छताकडे उभा करायला आणि तिथे तो तोलून धरायला शिकवले. आधी दहा सेकंद, मग मिनिट. तोल साधल्यावर हात पुढे-मागे थोडा थोडा झुलवायचा. पुढे पाठीखाली उशा घालून अर्धवट बसून, मग पूर्ण बसून. पुढच्या बाजूच्या मोठ्या स्नायूने तुटलेल्या दोरीचे काम थोडेफार उचलावे, अशी ही युक्ती. चार महिने त्या रोज तीन वेळा हे करत होत्या, पहिली खेप पहाटे पीठ मळण्याआधी. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही काय मुद्दाम केलं का डॉक्टर? पण आता कुणी असं सांगत आलं तर त्याचं नीट ऐका."

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आल्या होत्या. अंबाडा स्वतःच्या हाताने घालतात. मोठे पातेले उतरवायला सुनेला हाक मारावी लागते, आणि थंडीत रात्री एखाद्या वेळी ठणकते. त्या रात्रीपुरती एक पॅरासिटामॉल त्यांच्या चिठ्ठीवर आहे.